सही तुमची आहे, मॅडम

*'ताई, मी कोल्हापूर शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानासाठी मला थेट केंद्राध्यक्षाचा आदेश आला आहे. याआधी साधी मतदान अधिकारी म्हणूनही मी काम केलेलं नाही. मतदारसंघ शाहूवाडी. दुसऱ्या प्रशिक्षणात पथक कळलं. मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून एक प्राथमिक शिक्षक आहेत, निवृत्तीला आलेले, कित्येक निवडणुका केलेले. ते म्हणाले, "मॅडम, काही टेन्शन घेऊ नका. तुम्ही फक्त सह्या करा, बाकी मी बघतो." ऐकून अर्धा जीव भांड्यात पडला आणि अर्धा टांगणीला लागला. घरी मूल चार वर्षांचं आहे. सासूबाई सांभाळतील, पण सासरे म्हणतात, मेडिकल देऊन नाव काढून घे. त्यात ते स्वतः गावाकडे एका गटाचं काम करतात आणि "ड्युटी कुठल्या गावाला?" हे रोज विचारतात. मी काय करू? आणि जायचंच ठरलं तर गुरुजींवर सगळं सोपवून चालेल का?'*

आधी मेडिकलचा विषय मिटवू. खरोखरचं आजारपण असेल, दिवस गेलेले असतील, अंगावर पिणारं बाळ असेल, तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, कागदपत्रांसह अर्ज करावा. त्यात संकोच वाटायचं काही कारण नाही. तुमच्याकडे यातलं काही नाही, आणि बाळाला सांभाळायला आजी आहे. खोटा दाखला देऊ नका. निवडणुकीच्या कामात कसूर केली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ मध्ये पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम वाचून सासऱ्यांना हसू येईल, पण त्यामागून खात्याची जी नोटीस येते ती सेवापुस्तकापर्यंत पोचते. शिवाय तुम्ही नाव काढलंत तरी केंद्र रिकामं राहत नाही. राखीव यादीतून ऐनवेळी दुसरं कुणीतरी उचललं जातं, आणि तिच्याही घरी लेकरू असू शकतं.

तेव्हा जा. आता गुरुजींचं बघू, कारण तुमच्या पत्रातला खरा काटा तोच आहे.

असे गुरुजी पथकात मिळणं हे नशीब समजा. या वयाच्या माणसानं मतपेटीला लाख लावण्यापासून आजच्या यंत्रापर्यंत सगळं हातानं केलेलं असतं. कुठल्या खोलीत टेबलं कशी लावली की रांग दारात तुंबत नाही, कुठल्या उमेदवाराचा एजंट सकाळी गोड बोलतो आणि चारनंतर आवाज चढवतो, हे त्यांना नजरेनं कळतं. त्यांचं ऐका. खोलीची मांडणी त्यांना करू द्या. गावातल्या कोतवालाशी, पोलीस पाटलाशी, बीएलओशी (मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याशी) बोलायला त्यांना पुढे करा. माझी त्याला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती 'तुम्ही फक्त सह्या करा' या चार शब्दांना.

निकाल लागेपर्यंत तुम्ही दोघंही निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहात असं कायदा धरतो. कलम २८-अ तेच सांगतं. तिथे शाळेतली ज्येष्ठता चालत नाही, कॉलेजची वेतनश्रेणीही चालत नाही. आदेशावर जे पद लिहिलंय तेवढंच चालतं. उद्या त्या केंद्रावरचं मतदान वादात सापडलं तर केंद्राध्यक्षाची दैनंदिनी उघडली जाईल, नमुना १७-क, म्हणजे नोंदलेल्या मतांचा हिशेब, काढला जाईल, आणि त्यावर गुरुजींचं नाव नसेल. त्यांच्या मनात कपट नाही, हे मला पत्रावरूनच जाणवतं. तरुण बाईचा ताण हलका करावा एवढाच त्यांचा हेतू असणार. पण वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या माणसाला आडवाटा पाठ होतात, आणि निवडणुकीत अंगाशी येतात त्या बहुतेक वेळा याच वाटा.

पहिली आडवाट पहाटेच भेटेल. मतदान सातला सुरू होतं, म्हणजे मॉक पोल, यंत्राची चाचणी, साडेपाचला. नोव्हेंबरात शाहूवाडीकडे साडेपाचला अंधार असतो, थंडी असते, एजंट कानटोपी घालून डोळे चोळत आलेले असतात. कुणीतरी म्हणेल, 'पन्नास कशाला मॅडम, दहा-बारा टाकू, गावाला माहितेय सगळं.' नाही. किमान पन्नास मतं, प्रत्येक उमेदवाराला निदान एक, नोटालाही एक. कुणाला किती टाकली हे एका कागदावर मांडायचं, कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या एजंटांसमोर त्याच्याशी जुळवायच्या. एकही एजंट आला नसेल तर पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग सुरुवात करायची. दारात कुणाची वाट बघत सहा वाजवायचे नाहीत.

आणि इथेच ती चूक होते जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. मॉक पोल संपतो, घड्याळ पुढे पळत असतं, बाहेर रांग लागलेली दिसते, आणि यंत्रातली ती पन्नास मतं पुसायची राहून जातात. प्रशिक्षणात 'सीआरसी' हे शब्द तुम्ही शंभरदा ऐकले असतील: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. हे तीन दाबल्यावर 'टोटल' दाबा आणि शून्य आलेलं प्रत्येक एजंटाला यंत्राजवळ बोलावून दाखवा. व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढा, त्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारा, काळ्या पाकिटात घालून सीलबंद करा, रिकामी पेटीही एजंटांना दाखवा. मगच हिरवं कागदी सील लावा, त्याचा क्रमांक लिहून घ्या, एजंटांना लिहून घ्यायला सांगा. हे काम कुणावरही सोपवू नका. गुरुजींवर नाही, क्रमांक तीनवर नाही. बटण त्यांनी दाबलं तरी चालेल, पण शून्य तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं हवं.

(यंत्राचं आणखी एक. व्हीव्हीपॅटच्या मागची कळ उभी म्हणजे काम सुरू, आडवी म्हणजे प्रवासात. सकाळी यंत्र चालत नाही म्हणून गोंधळ उडतो आणि अर्ध्या वेळा कळ आडवीच असते. आणि मतदान कक्ष खिडकीला लागून किंवा थेट बल्बखाली लावू नका. प्रकाश जास्त झाला की व्हीव्हीपॅट कुरकुरतं. शाळेच्या खोलीतला एकुलता एक बल्ब नेमका कुठे लटकतोय हे आदल्या संध्याकाळीच बघा.)

दुसरी आडवाट कागदांची. 'दुपारी निवांत वेळ असतो मॅडम, तेव्हाच १७-क भरून ठेवू, एजंटांच्या सह्याही घेऊन टाकू, रात्री घाई होत नाही.' तुमच्या केंद्राचं नाव, यंत्रांचे क्रमांक, हे खुशाल आधी भरा. आकडा आणि सही मात्र मतदान बंद झाल्यावरच. कोऱ्या कागदावर सही करायची नाही हे आपण मुलांना शिकवतो आणि ऐनवेळी स्वतः विसरतो. गुरुजींना तोंडावर 'नाही' म्हणायला जड जाईल, म्हणून वाक्य तयार ठेवा: 'गुरुजी, मी नवी आहे, मला एकेक वाचून सही करू दे, वेळ लागला तर चालेल.' नवखेपणाची ही ढाल या एका निवडणुकीपुरतीच हाताशी आहे. पुढच्या वेळी ती चालणार नाही, तेव्हा पुरेपूर वापरून घ्या.

दर दोन तासांनी टक्केवारी कळवायची असते, नऊ वाजता, अकरा वाजता, असं. हे बहुतेकांना वरच्यांची कटकट वाटते. मला ती केंद्राध्यक्षाची सोय वाटते. प्रत्येक वेळी 'टोटल' दाबून आलेला आकडा आणि क्रमांक दोनच्या अधिकाऱ्याकडच्या १७-अ या मतदार नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक समोरासमोर धरा. सही करून मत न देता गेलेला कुणी असेल तर तो वजा करून दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. अकरा वाजता एकाचा फरक पडला तर तो शोधता येतो, कारण तासाभरापूर्वीचं माणसाला आठवतं. संध्याकाळी सहाला तोच फरक सापडला तर फक्त रडता येतं. फरक सापडला की लपवू नका, दैनंदिनीत वेळेसह लिहा आणि झोनल अधिकाऱ्यांना, म्हणजे आसपासच्या काही केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, सांगा. तुमच्या केंद्राला रेंज नसेल तर निरोप कसा पोचवायचा याची व्यवस्था साहित्य घेतानाच विचारून घ्या. घाटाकडच्या वाड्यांवर मोबाइल हातात धरून टेकडी चढायची पाळी येते, आणि केंद्राध्यक्षाला केंद्र सोडता येत नाही.

आता माणसांकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यात मतदान हा सणासारखा उत्साहानं होणारा प्रकार आहे. मे २०२४ मध्ये लोकसभेला, रणरणत्या उन्हात, कोल्हापूर आणि हातकणंगले दोन्ही मतदारसंघांत सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झालं. विधानसभेला ईर्षा आणखी वाढते, कारण दूध संस्था, सोसायटी, कारखाना, ग्रामपंचायत, सगळ्यांचे जुने हिशेब त्याच खोलीच्या दारात येऊन उभे राहतात. तुमच्यासमोर बाकावर बसलेले एजंट वेगवेगळ्या गटांचे असतील आणि एकाच भावकीतलेही असतील. दुपारी एकमेकांच्या डब्यातला खर्डा खातील आणि चार वाजता एकमेकांच्या अंगावर धावतील. दोन्ही मनापासून. घाबरू नका, आणि दुपारचा डबा बघून गाफीलही राहू नका.

भांडण बहुधा म्हाताऱ्या मतदारांवरून पेटतं. कुणीतरी आजीला धरून आणतं आणि म्हणतं, 'आजीला दिसत न्हाई, मी दाबतो.' तोच माणूस तासाभरात दुसऱ्या आजीला घेऊन येतो. नियम साधा आहे, पण तो तुम्हाला मोठ्यानं सांगता आला पाहिजे. अंध किंवा शारीरिकदृष्ट्या दुर्बल, ज्याला चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, अशा मतदारालाच सोबती नेता येतो. सोबती अठरा वर्षांच्या वरचा हवा, त्यानं मत गुप्त ठेवण्याचं घोषणापत्र द्यायचं, आणि त्या दिवशी एका माणसाला एकाच मतदाराचा सोबती होता येतं. नमुना १४-अ मध्ये नोंद करायची. लिहिता-वाचता येत नाही एवढ्यावर सोबती मिळत नाही. आजीशी तुम्ही स्वतः बोला: 'आजी, चिन्ह दिसतंय का? बटण दाबता येतंय का?' बऱ्याचदा आजी म्हणते, 'दिसतंय की!' आणि सोबत आलेल्याचा चेहरा पडतो. तिला आत एकटीला जाऊ द्या. तुम्ही किंवा गुरुजींनी मदतीला म्हणूनही कक्षात जाऊन बटण दाबायचं नाही. आजीनं हात धरून आत ओढलं तरी नाही.

पंच्याऐंशीच्या वरच्या काही मतदारांनी आणि काही दिव्यांगांनी घरूनच टपाली मत दिलेलं असेल. चिन्हांकित यादीत त्यांच्या नावापुढे 'पीबी' (पोस्टल बॅलट) असेल. नातू त्यांनाही उत्साहानं उचलून आणतो. समजावून परत पाठवायचं. यादी गुरुजींच्या हातात असणार, त्यांना हे सकाळीच आठवण म्हणून सांगा. आदेश वाटू देऊ नका.

दुसरा प्रसंग: माणूस येतो, ओळखपत्र खरं, चेहरा खरा, आणि यादीत त्याच्या नावापुढे मतदान झाल्याची खूण आधीच आहे. आता बाहेर आरडाओरडा होणार, 'माझं मत कुणी टाकलं?' या माणसाला परत पाठवू नका आणि यंत्रावरही सोडू नका. ओळखीबद्दल तुमची खात्री झाली की त्याला प्रदत्त मतपत्रिका द्यायची, नमुना १७-ब मध्ये नोंद आणि सही घ्यायची, आणि ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवायची. ही कागदी मतपत्रिका तुमच्या साहित्यात आहे का हे मोजून घेतानाच बघा. शांतपणे हा कागद पुढे केला की माणसाचा निम्मा राग उतरतो, कारण त्याला हाकलून दिलेलं नसतं.

'मी एकाला दाबलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली' असं कुणी म्हणालं तर? व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. तक्रार लेखी घ्या. खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते हे त्याला आधी सांगा आणि घोषणापत्र घ्या, मग एजंटांसमोर चाचणी मत टाकायला लावा. तक्रार खरी ठरली तर मतदान थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. खोटी ठरली तर त्या चाचणी मताची नोंद १७-अ आणि १७-क मध्ये न विसरता करायची. घोषणापत्राचा कागद दिसला की बहुतेक तक्रारी तिथेच विरघळतात.

आदरातिथ्याबद्दल. तुम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी गावात पोचाल तेव्हा कुणीतरी येऊन म्हणेलच, 'मॅडम, रात्रीचं जेवण आमच्याकडं, तांबडा-पांढरा केलाय.' मनात काही नसेल, आपल्याकडे पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत. तरी जाऊ नका, आणि पथकातल्या कुणाला जाऊ देऊ नका. गुरुजींना हा मोह जास्त, कारण त्यांना गावोगावी ओळखीचे निघतात. कोतवालाच्या हाती पैसे देऊन भाकरी-भाजी मागवा किंवा प्रशासनानं बचत गटाकडे जेवण दिलं असेल तिथे जेवा. सकाळी बाकावरच्या दुसऱ्या गटाच्या एजंटला रात्रीच्या ताटातलं सगळं माहीत असतं. चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा.

तुमच्या पथकातली क्रमांक दोनची अधिकारी महिला असेल तर मुक्कामाचा प्रश्न बराच सुटतो. नसेल, किंवा शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नसेल, पाणी नसेल, तर संकोच न करता झोनल अधिकाऱ्यांना पोचल्यावर लगेच सांगा, रात्री दहाला नको. विजेरी, पातळ चादर, स्वेटर, औषधं, फोनचा जादा चार्जर न्या. शाईच्या बाटलीसाठी वाटीभर वाळू किंवा माती मिळते का बघा. बाटली त्यात रोवून ठेवली की लवंडत नाही. म्हैसूरच्या कारखान्यातली ती शाई १९६२ पासून देशभर वापरली जाते आणि एकदा १७-अ वर सांडली तर पान वाचवता येत नाही.

सहा वाजता दार बंद करायचं नाही, रांग बंद करायची. जे रांगेत आहेत त्यांना तुमच्या सहीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे यायच्या. पुढून मागे वाटत गेलात तर वाटता वाटता शेपूट लांबत जाते. रानातून, कामावरून परतलेली माणसं आपल्याकडे साडेपाचलाच उगवतात, तेव्हा चिठ्ठ्या पावणेसहाला हाताशी असू द्या. शेवटचं मत पडलं की 'क्लोज' दाबा, आणि सकाळच्या शून्यासारखंच हेही तुमच्यासमोर. न दाबता यंत्र बंद करून पेटीत घातलं तर मतमोजणीच्या टेबलावर पेच उभा राहतो. मग १७-क, प्रत्येक एजंटला त्याची प्रत, व्हीव्हीपॅटची बॅटरी बाहेर, कळ आडवी. १७-क आणि दैनंदिनी पाकिटांच्या ढिगाऱ्यात सीलबंद होणार नाहीत एवढं बघा. जमा करताना त्याच आधी मागतात आणि मध्यरात्री भर मांडवात लोक सीलबंद पाकिटं फोडत बसलेले दिसतात. इथे मात्र गुरुजींचं डोळे झाकून ऐका. पाकिटांचा क्रम त्यांच्याइतका कुणालाच पाठ नसतो.

सासऱ्यांना काय सांगायचं? खरं तेच सांगा: गाव मलाच माहीत नाही. ते खरंच आहे. संगणक कर्मचाऱ्यांची सरमिसळ तीन वेळा करतो, आणि केंद्र कळतं ते साहित्य वाटपाच्या दिवशी. एकोणीस तारखेला कळल्यावरही घरी सांगताना 'पोचले, बरी आहे' एवढंच पुरे. गावाचं नाव, केंद्राचा फोटो, स्टेटस, काही नको. आणि केंद्र सासरच्या गावाचं निघालं, किंवा तिथे सासऱ्यांचा कुणी माणूस एजंट म्हणून बसणार असं कळलं, तर साहित्य घेण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी सांगून केंद्र बदलून मागा. मामंजींना हे आधीच, जेवताना, सर्वांसमोर सांगून ठेवा. पुढाऱ्याच्या घरातल्या सुनेनं हे एकदा चारचौघांत म्हटलं की रोजचा प्रश्न आपोआप थांबतो.

राहिलं तुमचं स्वतःचं मत. तुमचं नाव शहरातल्या यादीत आणि काम शाहूवाडीत, म्हणजे वीस तारखेला तुम्हाला तुमच्या केंद्रावर जाता येणार नाही. नमुना १२ चा अर्ज प्रशिक्षणात दिला असेल तर टपाली मतदानाच्या सुविधा केंद्रावर जाऊन मत देऊन या. दिला नसेल तर आजच निवडणूक कार्यालयात मुदत विचारा, आणि गुरुजींनाही विचारा त्यांनी दिलाय का. इतक्या निवडणुका केलेल्या माणसांचंच हे नेहमी राहून जातं.